दीड तासाचं कुवेत

सगुणा सोपान ओव्हाळ या बाईवर अन्याय झाला. नाव आधी लिहितो, कारण आमच्याकडे अन्यायाची बातमी 'त्या वस्तीतली एक बाई' एवढ्यावरच मिटते. वेळही लिहून ठेवतो. चैत्र महिना, भैरोबाच्या जत्रेचा गुरुवार, ऊन डोक्यावरून कललं ती घटका. त्या घटकेला तिचा मुलगा मिलिंद मुंबईच्या विमानतळावर आपल्या बॅगेची वाट बघत उभा होता, आणि इकडे मुळशीत त्याच्या बापाला चौघांनी खांद्यावर घेतलं होतं.

गाव मालेच्या पुढं, सडकेपासून आत. त्याचंही नाव लिहिणार होतो. आमच्या चळवळीच्या मंडळाची पत्रकं नावानिशी निघतात, त्याशिवाय कुणी त्यांना भीत नाही. पण सगुणाआक्कानंच अडवलं. "माजं नाव घाल, मालकांचं घाल. गावाचं घालू नगंस. गाव माजंबी हाय." मला ते पटलेलं नाही. तरी पाळतो आहे.

आक्का बुटकी, काटक, आणि माणूस समोर आलं की त्याच्या तोंडाच्या आधी पायांकडं बघणारी. दारात कुणीही येवो, पाण्याचा तांब्या हातात द्यायच्या आधी तिचा प्रश्न ठरलेला असे, "कवा निघालास?" मी पौडाहून सायकलीवर जायचो. एकदा फुशारकीनं म्हणालो, "अर्ध्या तासात आलो, आक्का." तिनं माझ्या पायांवरची धूळ बघितली, कपाळ बघितलं.

"घाम न्हाई तुला. टेंपोला धरून आलास."

खरंच टेंपोला धरून आलो होतो.

ही सवय तिला सासरच्या घरानं लावली. गावात कुणी मेलं की पै-पाहुण्यांना सांगावा पोचवायचं काम पिढ्यानपिढ्या त्या घराच्या गळ्यात होतं. पाऊस असो, ओढ्याला पूर असो, तिचा सासरा निघायचा. लेक कुठं दिली आहे, भाऊ कुठं आहे, सांगावा तिथं कधी पोचेल आणि ते इथं कधी येतील, याच्यावर माती कधी द्यायची ते ठरायचं. म्हणजे सारं गाव या माणसाच्या पायांवर आपली वेळ लावायचं, आणि परत आला की त्याला ओसरीच्या खाली उभं करून पसाभर धान्य पदरात टाकायचं. दीक्षा घेतल्यावर त्या घरानं हे काम टाकलं. गावानं ते कधीही माफ केलं नाही.

तिच्याबद्दल मी पहिली गोष्ट ऐकली ती याच कामाची. तात्या पाटलांची चुलती वारली तेव्हा त्यांचा गडी सोपानबाबांच्या दारात आला. बाबा मवाळ माणूस, ते उठून धोतर सावरायला लागले. आक्का चुलीपुढून म्हणाली, "बसा खाली." मग गड्याला म्हणाली, "तुमचं मयत, तुमचे पाय. आमचे पाय आता आमचे हायेत."

गडी म्हणाला, "मग म्हातारीच्या लेकीला कोन सांगनार? नेऱ्याला दिलीया ती. वाडीत सगळी मानसं कामाला गेल्याती."

आक्का चुलीपुढून उठली. मग तिनं हात धुतले, पदर खोचला. "लेकीनं आयचं तोंड बघाय पायजे. म्या जाती. पाटलाला सांग, सांगावा घेऊन कुनी गेलं न्हाई. एक बाई दुसऱ्या बाईला बोलवाय गेलीया. धान्य काढून ठिवू नका, म्या घेनार न्हाई."

पौडापर्यंत ती दुधाच्या गाडीत गेली, पुढं घोटवड्यावरून चालत. लेकीला घेऊन आली तेव्हा दिवस बुडाला होता. गाव तोवर थांबलं होतं. त्या दिवशी गावाला थांबता आलं, हे वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावं.

मिलिंद तिचा एकुलता. पिंपरीच्या एका कारखान्यात वेल्डिंग शिकला आणि आखाती देशांत माणसं जायला लागली त्या पहिल्या लाटेत कुवेतला गेला. जाताना आक्कानं नाचणीच्या भाकरी फडक्यात बांधून दिल्या. पोचल्यावर त्यानं पत्र पाठवलं. मुंबईहून सकाळी आठला विमान सुटलं, साडेनऊला कुवेतला उतरलो. उतरल्यावर भाकर खाल्ली, मऊ होती.

हे पत्र वस्तीतल्या शाळकरी पोरांनी तिला इतकेदा वाचून दाखवलं की ते तिचं तोंडपाठ झालं. आठला सुटलं, साडेनऊला उतरलं. म्हणजे कुवेत दीड तास.

इथं मी तुम्हाला खरं काय ते सांगून टाकतो, कारण तिला ते कुणी सांगितलं नाही. मुंबई ते कुवेत विमानाला चार तास लागतात. कुवेतचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागं असतं. मिलिंद साडेनऊला उतरला तो तिथल्या घड्याळात. इथं तेव्हा बारा वाजले होते. जाताना घड्याळ तुम्हाला अडीच तास देतं, येताना तेवढेच काढून घेतं. सातवीच्या भूगोलात हे असतं. आक्का शाळेत गेली नव्हती, आणि मिलिंदनं जे घड्याळात बघितलं ते लिहिलं.

आक्काला त्या दीड तासाचा मोठा आधार होता. पोरगं समुद्रापार गेलं म्हणून बाया रडायला आल्या की ती त्यांनाच झापायची. "लांब कुटं? दीड तासावर हाय. पुनं लांब हाय." एकदा मी तिच्याबरोबर यष्टीत होतो. गाडी पिरंगुटाला चहासाठी थांबली ती थांबलीच. आक्का खिडकीतून कंडक्टरला म्हणाली, "अरं बाबा, येवढ्या वक्तात माजं पोरगं कुवेतला पोचलं."

कंडक्टर बशीतला चहा फुंकत म्हणाला, "मग मावशी, तुमी इमानानंच जावा की."

"जाईन. इमानाचा डायवर मदीच चा पीत न्हाई."

गाडी हसली. दोन बाकं मागं गावातल्या शाळेचे गुरुजी बसले होते, तेही मिशीतल्या मिशीत हसले. मला वाटलं, आक्काच्या बोलण्याला हसले. मलाही तेव्हा घड्याळाचं ठाऊक नव्हतं. त्यांना होतं.

मग सोपानबाबा आजारी पडले. पोटात पाणी झालं. पुण्याच्या दवाखान्यानं घरी न्या म्हणून सांगितलं. मिलिंदला तार गेली. त्याचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात, तो बाहेर निघेपर्यंत जीव टांगणीला लागला. अखेर बुधवारी त्याची तार आली, इंग्रजीत. आक्का ती घेऊन गुरुजींकडं गेली. मी बरोबर होतो. गुरुजींनी तार वाचली. "गुरुवारी सकाळी सहाच्या विमानानं निघतोय म्हणतो."

आक्का म्हणाली, "म्हंजी साडेसातला म्हमईत."

गुरुजी "हं" म्हणाले आणि तार घडी करून तिच्या हातात दिली.

त्या "हं"बद्दल मी पुढं लिहिणार आहे.

गुरुवारी पहाटे कोंबडं आरवायच्या सुमाराला बाबा गेले. आणि तो जत्रेचा दिवस. गावात मयत असलं की भैरोबाची पालखी उठत नाही, चूल पेटत नाही, पुरण शिजत नाही. उजाडताच तात्या पाटील चार माणसं घेऊन वस्तीच्या तोंडाशी आले. गुरुजीही होते. पाटील ओरडले नाहीत, हे मी मुद्दाम सांगतो. अगदी सबुरीनं बोलले.

"आक्का, वाईट झालं. सोपाना सोन्यासारखा मानूस. पन दिस कोनचा हाय, तुमाला ठावं हाय. सकाळच्या पारीच उरकून घ्या."

आक्का बाबांच्या उशाशी बसली होती. उठून बाहेर आली. "नळ आनायच्या वक्ताला आमी गावाभाईर हुतो. तुमीच म्हनला, वस्ती शिवंच्या पल्याड हाय, पाईप पुरत न्हाई. आन् मयताला गावात व्हय?"

पाटील खाली बघून म्हणाले, "देवाला त्याची शीव कळती, आक्का. वस्ती तिच्या आत येती."

"मग देवाला थांबताबी येत असंल. माजं पोरगं वाटंत हाय."

मागचा एक जण म्हणाला, "वाटंत म्हंजी? कुवेतातनं यायाचं म्हंजी आठ दिस लागत्याल. समुद्र हाय मधी."

"तुज्या बापानं बघितलाय समुद्र?" आक्का म्हणाली. मग पाटलांकडं वळली आणि बोटं दुमडत सांगू लागली. "सहाला निघतंय इमान. दीड तासाचा पल्ला. साडेसातला म्हमई. त्याचा मामेभाऊ टॅक्सी घेऊन उभा हाय. घाट चढून पुनं, तितनं हितं. ऊन डोक्यावरनं कलायच्या आत पोरगं दारात."

हिशोब इतका नीट मांडला होता की कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती. पाटलांनी मान वळवून गुरुजींकडं बघितलं. गावात तशी रीत आहे, घड्याळा-कागदाची गोष्ट निघाली की गुरुजींकडं बघायचं. गुरुजी आपल्या मनगटी घड्याळाला किल्ली देत होते. वर बघितलं नाही.

"बरं," पाटील म्हणाले. "ऊन कलंस्तोवर थांबतो. त्याच्या फुडं न्हाई. पटतंय?"

"पटलं. ऊन कललं आन् पोरगं आलं न्हाई, तर म्याच म्हनीन उचला. दिला सबुद."

ती माणसं गेली आणि वाट बघणं सुरू झालं.

गावात चुली थंड होत्या. भिजलेली डाळ पाटीत तशीच. पोरं भुकेनं रडत होती, त्यांना शेंगदाणे देऊन गप्प करत होते. पाळणेवाला पाळणा उभारून सावलीत बसला होता, हलगीवाले हलग्या मांडीवर ठेवून नुसते बघत होते. साऱ्या जत्रेचे डोळे वस्तीच्या वाटेकडं. वस्तीत बाबांच्या अंगावर पांढरं कापड, त्यावर माश्या बसू नयेत म्हणून पुतण्या टॉवेल हलवत होता. आक्का थोड्या वेळानं उठायची, वळणापर्यंत जायची, परत येऊन पायाशी बसायची. सडकेवर गाडीचा आवाज आला की सगळ्यांच्या माना वळत. एकदा दुधाची गाडी होती. एकदा जंगल खात्याची जीप. एकदा खरोखरच टॅक्सी आली, आणि वस्तीतले दोघे धावत सुटले. तीत पुण्याचे जत्रेकरू होते, सहकुटुंब.

दारात कडुलिंब होता. त्याची सावली आखडत बुंध्याशी आली. आक्का सावलीकडं बघत नव्हती. बाकी सगळे तिच्याकडंच बघत होते.

सावली पलीकडं सरकली तसा पाटलांचा माणूस आला. "आक्का, ऊन कललं."

आक्कानं वळणाकडं बघितलं. मग म्हणाली, "वाईच थांबशीला? घाटात गाडी अडकली असंल."

"सबुद तुमचा हाय, आक्का. आमी मागितला न्हाई."

मी मध्ये बोललो. काय बोललो ते सगळं आठवत नाही. जिवंत बाईपेक्षा पालखी मोठी झाली का, असं काहीतरी. आक्कानं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला मागं सारलं. तिनं बाबांच्या तोंडावरचं कापड सारखं केलं, जरा वेळ हात तिथंच ठेवला, आणि उभी राहिली.

"उचला."

पुतण्यानं अग्नी दिला. ओढ्यापल्याड बाबांचा धूर, आणि इकडं गावातल्या घराघरांतून चुलींचा. दोन्ही एकाच वेळी.

मिलिंद दिवेलागणीला आला. जत्रेमुळं टॅक्सी सडकेवरच राहिली. त्याला वाटेत बाप गेल्याचं कळलं नव्हतं, मामेभाऊही मुंबईहूनच आलेला. पालखी तेव्हा ऐन चौकात होती. हातात बॅग घेऊन तो त्या गर्दीतून वाट काढत आला. ज्यांनी ओळखलं ते बाजूला सरले. एकही माणूस बोलला नाही. वस्तीत पोचला तेव्हा त्याच्या पांढऱ्या शर्टावर गुलाल पडलेला होता.

आक्कानं आधी तो गुलाल बघितला. मग विचारलं, "कवा निघालास?"

"सहाला, आये. कुटं थांबलो न्हाई. पान्यालासुदिक न्हाई. बा कसा हाय?"

"सहाला निघालास, मग दुपारी का न्हाई आलास? दीड तास लागतो ना?"

"दीड कुटला? चार तास लागत्यात." त्याचे डोळे घरात बापाला शोधत होते. "तितलं घड्याळ मागं हाय, आये. तितले सहा म्हंजी हितले साडेआठ. बारा वाजून गेल्यावं उतरलो. बा कुटं हाय?"

आक्कानं ओढ्याकडं हात केला. म्हणाली, "तू उशीर न्हाई केलास. आमीच लवकर उरकलं."

मिलिंदला कळायला वेळ लागला. कळल्यावर तो ओढ्याकडं धावला. आक्का धावली नाही. ती बोटं दुमडत हिशोब पुन्हा मांडत होती, पहिल्यापासून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गुरुजींच्या दारात गेली. मी वाटेवर थांबलो, पण ऐकू येत होतं.

"गुर्जी, त्या देशाचं घड्याळ मागं असतं, हे तुमाला ठावं हुतं?"

"हो."

"तार वाचली तवाबी?"

"हो."

"पाटलानं तुमच्याकडं बघितलं तवाबी?"

गुरुजींनी घसा साफ केला. "मला कुणी विचारलं नाही, बाई. आणि गावाचा दिवस होता. मी बोललो असतो तर तुम्ही संध्याकाळपर्यंत धरून बसला असता."

"बसले असते," आक्का म्हणाली. आणि मग, "पोरास्नी शिकिवता का हे?"

"सातवीला आहे."

"शिकवा," असं म्हणून ती पायरी उतरली.

आम्ही पत्रक काढलं. गावानं उत्तर दिलं, तेही सबुरीनं. आम्ही जबरदस्ती केली नाही, उचला म्हणून तीच म्हणाली, सबुद तिचा. बरोबर आहे, शब्द न् शब्द बरोबर आहे. बाईला चुकीच्या हिशोबावर उभं करायचं, तो चुकीचा आहे हे माहीत असलेल्या माणसानं घड्याळाला किल्ली द्यायची, आणि मग तिच्याच तोंडून निकाल वदवून घ्यायचा. लाठी नाही, शिवी नाही. याला अन्याय म्हणायचं नसेल तर मला दुसरा शब्द द्या, पुढच्या पत्रकात तो छापतो.

गुरुजी वाईट नव्हते. वस्तीतल्या पोरांना इतरांबरोबर एकाच बाकावर बसवायचे. बाबांच्या आजारपणात दोनदा विचारपूस करून गेले होते. म्हणून तर माझा संताप जात नाही. वाईट माणसाशी भांडता येतं. "मला कुणी विचारलं नाही" म्हणणाऱ्या भल्या माणसाशी कसं भांडायचं, हे आमच्या कुठल्याच शिबिरात शिकवलेलं नाही.

मिलिंद पुन्हा कुवेतला गेला नाही. पिंपरीला खोली घेतली, आईला तिकडं नेलं. त्यानंतर मी आक्काला एकदाच पाहिलं, मारुंजीला. मी पत्रकं वाटत हिंडत होतो. एका घराच्या दारात ती उभी दिसली, चपला हातात, ऊन मी म्हणत होतं. त्या घरातला पोरगा आखातात जायचा होता, हे तिला कुठूनसं कळलं होतं. घरातली बाई ओळखीची ना पाळखीची. आक्का तिला सांगत होती, "तितनं म्हमईला चार तास. त्येंचं घड्याळ अडीच तास मागं. म्या दीड म्हनत हुते, ते चूक हुतं."

ती बाई गोंधळली होती. "आत्ताच कशाला सांगतायसा, आजी? अजून गेलाबी न्हाई पोरगा. लागलं तर इचारू की."

"तू इचारशील तवा म्या कुटं आसंन," आक्का म्हणाली. "आत्ताच म्हनून दाखीव. किती तास?"

"चार."

"आन् घड्याळ?"

"अडीच तास मागं."

आक्कानं मान हलवली. ती बाई पाणी घ्या म्हणाली, तरी थांबली नाही. मी हाक मारली, पण ती नेऱ्याच्या रस्त्याला लागली होती, आणि त्या वयातही तिची चाल अशी की सायकल वळवेपर्यंत ती झाडीआड गेली.

आता तुमच्याशी बोलतो. तुम्ही हे वाचताय, म्हणजे तुम्हाला वाचता येतं. घड्याळ, तार, नकाशा, सरकारी कागद, यांतलं काहीतरी तुम्हाला कळतं आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही. तो माणूस चारचौघांत चुकीचा हिशोब मांडेल, त्यावर शब्द देऊन बसेल, आणि पंचांना तो हिशोब सोयीचा असेल. दिवस सणाचा असेल, लोक भुकेले असतील, तुमच्याकडं कुणी बघेल, कुणी बघणारही नाही. तुम्हाला कुणी विचारणार नाही. तरी उभे राहा, हिशोब चुकला आहे म्हणून तिथंच, सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं सांगा, आणि तो दुरुस्त होईपर्यंत खाली बसू नका.